नकाशात नसलेले राज्य

जुलमी राजा, मुकी प्रजा, काळोखी तळघरे आणि शेवटच्या रिळात भडकलेले बंड, एवढा ऐवज ज्यांत असतो त्या चित्रपटांना आपल्याकडे 'पोशाखी' म्हणण्याची पद्धत आहे. शब्दातच थोडी हेटाळणी आहे. जुन्या घरांतून तर या बाबतीत एक अलिखित वाटणीच झालेली होती. संतपटाला आजीसकट सगळे घर जाई. ऐतिहासिकाला वडील स्वतः मुलांना घेऊन जात. ठावठिकाणा नसलेल्या नगरीतल्या तलवारबाजीला मात्र मुलांनी चोरून जावे आणि पिटातल्या मंडळींनी शिट्ट्या माराव्यात. ही वाटणी अजून पुरती मोडलेली नाही. 'बाहुबली' पाहून आलेला गृहस्थ "मुलांच्या हट्टापायी गेलो" असे सांगतो. ऐतिहासिक चित्रपट पाहून आलेला तसे सांगत नाही.

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात राहून मला मात्र असे वाटू लागले आहे की, निदान आम्हा सीमेवरच्या लोकांना या पोशाखी चित्रपटाचीच गरज अधिक आहे. का, ते पुढे सांगतो. पण त्याआधी हा प्रकार आपल्याकडे आला कुठून हे पाहिले पाहिजे, कारण तो पोरखेळ म्हणून आलेला नव्हता.

परक्या सरकारच्या अमलात जुलूम आणि बंड हे दोन शब्द उघड उच्चारण्याची सोय नव्हती. खाडिलकरांनी १९०७ साली पुराणाचा आडोसा घेतला. 'कीचकवधा'तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही आणि सरकारलाही ते उमजायला फार वेळ लागला नाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच कथेवर बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' हा मूकपट केला. तो १९२० साली प्रदर्शित झाला तेव्हा कीचकाच्या वधाचे दृश्यच कात्रीत सापडले. पुढच्याच वर्षी 'कोहिनूर'च्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून कराची आणि मद्रास येथे त्या चित्रपटाला मज्जाव झाला. इतिहासाकडे वळावे, तर तीच कथा. 'प्रभात'ने १९३० साली शिवछत्रपतींवर मूकपट केला. त्याचे 'स्वराज्य तोरण' हे नाव नाकारले गेले आणि 'उदयकाल' असे सोवळे नाव घेऊन तो पडद्यावर आला. राहता राहिले संत. १९३५ साली एकनाथांवरचा बोलपट तयार झाला, साक्षात बालगंधर्व नाथांच्या भूमिकेत. नाव ठेवले 'महात्मा'. पण महात्मा म्हणजे कोण, हे सरकारने आपल्यापुरते ठरवून टाकलेले असल्यामुळे 'धर्मात्मा' करून घ्यावे लागले.

तिन्ही वाटांवर अशा चौक्या बसलेल्या. चौथी वाट उरली ती कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या राज्याची. अशा राज्याला एखादे भारदस्त संस्कृत नाव दिले की काम भागे. तेथला राजा कोणत्याही बखरीत नाही, तेथली राजधानी कोणत्याही नकाशात नाही. मग आक्षेप कोण आणि कशावर घेणार? १९३४ सालचा शांतारामबापूंचा 'अमृतमंथन' हा या वाटेवरचा पहिला मोठा चित्रपट. 'प्रभात' कोल्हापुरात १९२९ साली सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तेथल्या नव्या स्टुडिओत पहिला चित्रपट झाला तो हा. मूळ कथा नारायण हरी आपट्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीची.

त्यातला राजा क्रांतिवर्मा चांगला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तो देवीपुढचे नरबळी आणि पशुबळी बंद करतो. जुलमी आहे तो राजगुरू. सिंहासनावर न बसता, हातात दंडाशिवाय काही न धरता, शास्त्राच्या आणि देवीच्या नावाने तो राज्य चालवतो. राजाला मारायची आज्ञाही तो देवीच्या नावानेच देतो आणि यशोधर्मा नावाचा एक निष्ठावान माणूस ती पार पाडतो. हिंदी आवृत्तीत राजगुरू झाला होता चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. चंद्रमोहनच्या त्या प्रचंड डोळ्याविषयी इतके लिहून झाले आहे की मी त्यात भर घालीत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, परक्या सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी घेतलेली ही चौथी वाट एका वेगळ्याच गावाला जाऊन पोचली. प्रेक्षक इंग्रजाला शोधायला आला होता आणि त्याला दिसला आपल्याच देवळातला माणूस.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला तर तो ओळखीचाच वाटला असेल. राजा एक म्हणतो आणि धर्माधिकारी त्याला अडवतो, हे कोल्हापूरने १८९९ पासूनच्या वेदोक्त प्रकरणात आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. चित्रकर्त्यांच्या मनात ते होते असा माझा दावा नाही. पण दरबार कसा चालतो, कोणाचा शब्द खरा आणि कोणाचा नुसता मोठ्याने उच्चारलेला, हे संस्थानी शहरात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. 'प्रभात'चे दरबार खोट्या भिंतींचे असूनही खरे वाटतात, त्याचे श्रेय फत्तेलालांच्या रंगपेटीइतकेच या सवयीला आहे.

दोन वर्षांनी, १९३६ साली, 'अमरज्योती' आला. कथा के. नारायण काळे यांची. यात दुर्गाबाई खोटे सौदामिनी झाल्या आहेत. नवऱ्यापासून आपले मूल परत मिळावे म्हणून ती न्याय मागते; कायद्याने तो नाकारला जातो, आणि नाकारणाऱ्या राज्याच्या सिंहासनावर स्वतः एक स्त्रीच बसलेली असते. तेव्हा ही बाई जहाज घेऊन समुद्रावर जाते आणि चाचेगिरी करते. ज्या दुर्जयाने कायद्याचा बडगा चालवला, त्याचा पाय ती तोडून टाकते. पण बंड करता करता तीही कठोर होत जाते, इतरांच्या आयुष्याला आपलाच नियम लावू लागते, आणि चित्रपट हे लपवीत नाही. आजच्या पोशाखी चित्रपटांत हे शोधून सापडणार नाही. आज बंडखोर जेवढी माणसे अधिक कापतो तेवढा तो अधिक उजळ दिसतो.

गाणे शिकविणाऱ्या माणसाला या चित्रपटांत आणखी एक गोष्ट दिसते. ऐतिहासिक चित्रपटाचे ध्वनी आधीच ठरलेले असतात. तुतारी वाजली, डफावर थाप पडली की आपले कोण आणि परके कोण हे प्रेक्षकाला पात्रांनी तोंड उघडण्यापूर्वीच कळते. संगीतकाराचे निम्मे काम तेथेच संपते. विचार करण्याचे कामही, मला वाटते, निम्मे संपते. कल्पित राज्यात ही सोय नाही. त्या दरबारात काय वाजते, त्या देवळात काय गातात, हे सारे नव्याने ठरवावे लागते. 'अमृतमंथन'ला केशवराव भोळे होते, 'अमरज्योती'ला मास्तर कृष्णराव. दोघेही ख्याल पचवलेले. 'अमृतमंथना'त शांता आपटे यांच्याबरोबर सुरेशबाबू माने होते, अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव, पुढे प्रभाताई अत्र्यांचे गुरू. खाँसाहेब उत्तरेतल्या कैराण्याचे, स्थायिक झाले मिरजेत, आणि त्यांचे गाणे सवाई गंधर्वांच्या गळ्यातून कुंदगोळ-हुबळीकडे कानडी मुलखात रुजले. मिरज आणि हुबळी यांच्यामध्ये आता राज्याची सीमा आहे. त्या गाण्याच्या तानेत ती कोठे येते हे मला अद्याप सापडलेले नाही.

आता आमच्याकडे येतो.

'अमृतमंथन' ज्या साली आला त्याच साली, १९३४ मध्ये, मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. कोल्हापुरात शाहूमहाराजांनी हे पाऊल १९२० सालीच टाकलेले होते. तरी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची चाल थांबली नाही. १९८२ साली कर्नाटकाला पुन्हा नवा कायदा करावा लागला. पशुबळीचेही तसेच. त्याविरुद्धचा कायदा १९५९ पासून आहे, आणि जत्रेच्या दिवशी तो कुठे असतो ते जत्रेला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. सौंदत्तीला आणि चिंचलीच्या मायाक्काला मराठी माणूस जितक्या भक्तीने जातो तितक्याच भक्तीने कानडी माणूस जातो. तेथल्या रूढीने ज्यांचे नुकसान केले त्या बायका दोन्ही भाषांतल्या. हा जुलूम करणारा राजा कोणता, हे सांगा पाहू? त्याचा पुतळा नाही, त्याच्यावर बखर नाही, त्यामुळे त्याच्यावर ऐतिहासिक चित्रपट निघत नाही. तो दाखवायचा तर राजगुरूच लागतो.

उलट इतिहासाचे आमच्याकडे काय होते ते पाहा. २०२१ सालच्या डिसेंबरात बेंगळुरात शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोन दिवस शहर श्वास रोखून होते. आता हा रायण्णा कोण? कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिलेदार. इंग्रजांविरुद्ध लढला, पकडला गेला आणि १८३१ साली खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फासावर गेला. नंदगड मराठी वस्तीचे गाव. म्हणजे जुलमाविरुद्ध उठलेली दोन माणसे, दोघांमध्ये दीड शतकाचे अंतर, दोघांचे एकमेकांशी कधी भांडण असण्याचे कारण नाही. आणि त्यांचे पुतळे एकमेकांचा सूड म्हणून विद्रूप व्हावेत! रायण्णावर २०१२ साली कानडीत मोठा चित्रपट झाला. शिवकालावर २०१८ च्या 'फर्जंद'पासून 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड' अशी मराठीत रांगच लागली. चांगले झाले. पण माझ्या ओळखीच्या किती मराठी घरांनी रायण्णाचा चित्रपट पाहिला आणि किती कानडी घरांनी 'पावनखिंड', हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. इतिहासाचे बंड आमच्याकडे ज्याचे त्याने वाटून घेतले आहे.

याच काळात एक चित्रपट असा आला की तो दोन्ही घरांनी पाहिला. माझ्या वर्गात मराठी मुले आहेत तशी कानडीही आहेत. आलाप एकत्र घेतात, डबा खाताना आपापल्या कोपऱ्यात बसतात. २०१५ ते २०१७ ही दोन वर्षे हे कोपरे काही दिवस मोडले, कारण कट्टप्पाने बाहुबलीला का मारले या प्रश्नावर सर्वांनाच मत होते. दिग्दर्शक राजमौळी यांचा जन्म कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यातला, चित्रपट तेलुगू-तमिळ, आमच्याकडे पाहिला गेला हिंदीत, आणि राज्य म्हणाल तर कुठलेच नाही. माहिष्मती हे नाव नर्मदाकाठचे जुने आहे. पण मुलांना त्याचे काय? गंमत अशी की या पत्ता नसलेल्या राज्यालाही सीमावादाने गाठलेच. कट्टप्पा झालेले सत्यराज यांनी कावेरीच्या वादात पूर्वी काही उद्गार काढले होते, म्हणून दुसरा भाग कर्नाटकात लावू देणार नाही असे कन्नड संघटनांनी जाहीर केले. सत्यराज यांनी एप्रिल २०१७ मध्ये दिलगिरी व्यक्त केली तेव्हा पडदा उघडला.

'बाहुबली'चे कौतुक इथवर. त्यापुढे माझी तक्रार आहे, आणि ती मोठी आहे. कट्टप्पा आणि यशोधर्मा यांना शेजारी उभे करून पाहा. दोघेही निष्ठावान, दोघांनाही वरून आज्ञा होते, दोघेही चांगल्या माणसाला मारतात. 'अमृतमंथना'त या निष्ठेचेच वाभाडे काढले आहेत. विचार न करता पाळलेली आज्ञा माणसाला कुठे नेते, हा त्या चित्रपटाचा कणा आहे. राजगुरू शेवटी स्वतःचेच मस्तक देवीपुढे उतरवतो. ती प्रथा त्याच्यासह संपते. 'बाहुबली'त मात्र सिंहासनाशी जखडलेल्या दासाची निष्ठा हेच त्याचे भूषण ठरते. पंचवीस वर्षे देवसेना साखळदंडात पडून राहते आणि अखेर काय होते? वाईट चुलतभाऊ जातो, चांगल्या चुलतभावाचा मुलगा येतो. सिंहासन तिथेच, दासही तिथेच. प्रजेच्या वाट्याला जयघोष येतो आणि सोन्याचा पुतळा ओढण्याचे काम. याला बंड म्हणायचे की भाऊबंदकी? जुन्या वतनदार घरांतल्या वाचकांना फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

'केजीएफ'ची गोष्ट आणखी वेगळी. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. त्या नावाच्या सावलीत नराची नावाची एक कल्पित खाण उभी करून कानडी चित्रपटाने २०१८ आणि २०२२ मध्ये सगळा देश जिंकला. खाणीतले गुलाम मुक्त होतात ते खरे, पण मुक्त करणाऱ्याला हवे असते सोने. गुलामांना नवा मालक मिळतो. निदान हा चित्रपट त्याबद्दल फार ढोंग करीत नाही. २०२२ च्याच 'कांतारा'त जमीनदार गोड बोलून रानातली जमीन परत घेऊ पाहतो, हे मला अधिक खरे वाटले. गोड बोलणारा जुलमी रंगवणे हे ओरडणारा रंगवण्यापेक्षा अवघड.

कोणी म्हणेल, चित्रपटातल्या बंडाने कधी काही झाले आहे काय? अंधारात तीन तास रक्त तापवून घ्यायचे आणि बाहेर येऊन भजी खायची. आक्षेप खोटा नाही. निपाणीने खरे बंड पाहिले आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या मागे तंबाखूचे शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. त्यांना कोणत्याही चित्रपटाने तेथे आणून बसवले नव्हते. तंबाखूच्या भावाने बसवले. पण त्या रस्त्यावर मराठी बोलणारे होते तसे कानडी बोलणारेही होते, आणि पंचवीस वर्षांपूर्वी भाषेवरून झालेली ओढाताण तेवढ्या दिवसांपुरती बाजूला पडली होती. हे का घडले? तेथे जुलमी कोण याची व्याख्या भाषेने केलेली नव्हती. माझा मुद्दा एवढाच की अशी व्याख्या करण्याची सवय माणसाला लागते ती कुठूनतरी लागते, आणि पडदा हे त्यातले एक ठिकाण आहे. महामार्ग रोज अडवता येत नाही. चित्रपट दर शुक्रवारी लागतो.

मराठी चित्रपटाने ही चौथी वाट का सोडली, याची कारणे सांगितली जातात. पैसा लागतो, हे पहिले. खरे आहे, माहिष्मतीचा खर्च मराठी निर्मात्याला झेपणार नाही. पण 'अमृतमंथन'चा जोर हत्ती-घोड्यांवर नव्हता, एका डोळ्यावर आणि एका प्रश्नावर होता. दुसरे कारण असे देतात की आमच्याजवळ एवढा इतिहास असताना कल्पनेची गरज काय? हे कारण मला अधिक घातक वाटते. इतिहासातला जुलमी नेहमी गेलेला असतो, आणि बहुधा दुसऱ्याचा असतो. प्रेक्षक नायकाच्या बाजूने बसूनच चित्रपट पाहतो. उठतानाही तो त्याच बाजूला असतो. राजगुरूपुढे बसलेल्या प्रेक्षकाला ही खात्री नव्हती.

आणि कथा तरी दूर कशाला शोधायला हवी? बेळगाव इंग्रजांचे होते तेव्हा त्याला चिकटून असलेले शहापूर सांगली संस्थानचे होते. रस्ता ओलांडला की राज्य बदले. १९४८ साली संस्थाने विलीन झाली आणि ती रेघ पुसली गेली. आठ वर्षांनी दुसरी पडली, ती निपाणीच्या पलीकडे. निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. मुलगा सकाळी एका राज्यातून निघतो, दुसऱ्या राज्यात तास करतो आणि दुपारी जेवायला पहिल्या राज्यात येतो. एखाद्या चांगल्या लेखकाने याची एक नगरी करावी. मधून एक रस्ता. अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. आणि दोघांचाही राजगुरू एकच, जो दोन्ही तीरांवर सांगत फिरतो की तुमचे सारे दुःख रस्त्याच्या पलीकडून येते. पुढे काय होते ते लेखकाने ठरवावे. संवाद मराठीत असावेत, गाणी दोन्ही भाषांत चालतील. बंडाच्या प्रसंगी मात्र तुतारी नको, तिने लगेच बाजू ठरते. हलगी घ्यावी. तिला इकडेही हलगी म्हणतात आणि तिकडेही हलगीच, आणि वाजविणारे निपाणीच्या गल्लीगल्लीत मिळतील.